आधी जुन्या तलावांचे सांडवे पाहा

आमच्या पाटोदा तालुक्यात नव्या बंधाऱ्याचं भूमिपूजन असलं की मंडप पडतो, नारळ फुटतो, भाषणं होतात. जुन्या पाझर तलावाची डागडुजी म्हटली की निधी नसतो. मी अशाच एका तलावाखाली चार एकर कसतो, म्हणून बोलतोय.

आमचा तलाव 1972 च्या दुष्काळातला. आईनं आणि चुलतीनं त्याच्यावर पाट्या वाहिल्या, घरी लाल मिलोची भाकरी खाल्ली. पुढं रोजगार हमी आली आणि बालाघाटाच्या घळींमध्ये असे तलाव वाढत गेले. पाझर तलाव पाणी मुरवण्यासाठी असतो. खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकतं ते त्याच्या जिवावर. (त्यातच मोटारी टाकून पाणी उपसणाऱ्यांना हे कोण सांगणार?)

मातीच्या बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याकडून दगडांची पिचिंग. पाणी एकदा माथ्यावरून गेलं की बांध धुऊन जायला फार वेळ लागत नाही. सांडवा त्यासाठीच. आमच्याकडं मात्र पाणी थोडं जास्त साठावं म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचलेल्या मी पाहिल्यात. बांधावर वेड्या बाभळी माजल्यात, मनगटाएवढ्या मुळांच्या. झाड मेलं की मूळ कुजतं, पोकळी राहते आणि पाणी तिथून वाट काढतं. त्यात घुशींची बिळं. गाळ काढायला आलेलं पोकलेन तर कधी बांधाचा पायाच कोरून जातं.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडं बोट दाखवलं आणि महाराष्ट्र हसला. पण बीळ खेकड्याचं असो की घुशीचं, ते वेळेत बघायचं काम कुणाचं होतं?

आमच्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक गाठ आहे. बांध तपासायचा तो तलाव भरलेला असताना. पायथ्याशी पाणी झिरपतंय का, ते स्वच्छ आहे की गढूळ, हे तेव्हाच दिसतं. स्वच्छ असेल तर नजर ठेवायची. गढूळ असेल तर बांधाची माती आतून निघून चाललीय. आणि नेमकं दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतं. मागं म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. माणसं परततात पाडव्याच्या आगंमागं, तेव्हा तलाव कोरडा ठाक! ओल कुठं होती ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पाहणी पावसाळा सरताच व्हावी, धोक्याच्या जागी चुना टाकून फोटो काढून ठेवावेत. दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांत रोजगार हमीतून व्हावी. तेव्हा माणसं गावात असतात आणि त्यांच्या हाताला काम नसतं. हे होत नाही तोवर नव्या बंधाऱ्याचा नारळ फोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाल तेव्हा, टोळ्या निघण्याआधी, आपल्या तलावाच्या पाहणीचा ठराव मांडा. त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.