मास्तर बसून पगार घेते म्हणे!

मागच्या आठवड्यात बोरगावच्या चहाटपरीवर एक मित्र बोलला, "मास्तरकीत काय मेहनत आहे बे? खुर्चीवर बसून पगार." चहा त्यानेच पाजला होता म्हणून तिथे गप्प राहिलो. आता लिहितो.

माझी माय प्राथमिक शाळेत शिकवते. घरी आली की पहिले पाच मिनिटं ओट्यावरच बसते, गुडघा लगेच पायरी चढू देत नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून वेणी माझी बहीण घालून देते. आम्ही घरचेही याला "वय झालं" म्हणत होतो. माय 46 वर्षांची आहे.

तिचा दिवस बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिकला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच वर्ग आणि दोन माणसं. इकडे फळ्यावर हात वर करून लिहायचं, तिकडे टाटपट्टीवर बसलेल्या पहिलीच्या पोराची पाटी बघायला कमरेत वाकायचं, पुन्हा उभं राहायचं. असं किती वेळा, कोण मोजते? पुस्तक हिंदीत, पोरगं घरी मराठी बोलणारं, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगायची, दोनदा लिहायची. मग मान खाली घालून वह्यांचा गठ्ठा तपासायचा. खुर्ची आहे, नाही असं नाही. पण बसून शिकवताना साहेबाने पाहिलं तर कामचोर ठरते, म्हणून खुर्चीवर बहुतेक वेळ पर्स बसलेली असते.

आता आपल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राकडे या. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 होतं: ज्या कामगाराला उभं राहून काम करावं लागतं, त्याच्यासाठी बसायची सोय मालकाने करावी. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात लिहून दिला. मंजे मशीनपाशी उभ्या माणसाचे पाय दुखतात हे सरकारला माहीत आहे. फळ्यापाशी उभ्या बाईचे दुखत नाहीत काय?

आणि कारखान्यातही सगळं मिळालं असं समजू नका. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 आजार होते, शिसं, सिलिकोसिस, बहिरेपणा वगैरे. कंबर, खांदा, गुडघा त्यात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या यादीत कामामुळे होणारे स्नायू आणि सांध्यांचे आजार आहेत. आपल्याकडे यादीत नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून "काही होत नाही". मायच्या दुखण्याची नोंद फक्त मेडिकलवाल्याच्या बामच्या बिलात आहे.

शाळेबाहेरचं काम वेगळंच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नका म्हणते, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. 4 नोव्हेंबर 2025 ला मतदार यादीची विशेष पडताळणी सुरू झाली तेव्हा मावशीला बीएलओचं काम आलं. घरोघरी फॉर्म वाटा, पुन्हा गोळा करा, रात्री मोबाईलवर चढवा. मानेत लचक भरली. पुढे कंबरही धरली, तर हाडाच्या डॉक्टरसाठी बस धरून नागपूर. 1956 ला सीमा आखून झाली, पण कंबर दाखवायला आपण अजून नागपूरलाच जातो. मावशी अतिथी शिक्षक आहे. जितकी हजेरी तितकं मानधन, म्हणून तो दिवस बिनपैशाचा गेला.

मास्तर शाळेत येत नाही, मोबाईल पाहत बसते, अशी तक्रार करणारे लगेच येतील. असतील तसे काही. त्यांच्यावर कारवाई करा ना. त्यासाठी बाकीच्यांचा खांदा कशाला मोडायचा?

ग्रुपवर हळहळ नको. तुमच्या घरातलं, शेजारचं कोणीतरी शाला प्रबंधन समितीत असेलच. शाळा विकास योजना तीच समिती बनवते. त्यात लिहायला लावा: उंच स्टूल, तपासणीसाठी नीट उंचीचं टेबल, पोरांसाठी बेंच, हात ताणावा लागणार नाही अशा उंचीवर फळा. अतिथी शिक्षकांना पगारी आजारी रजा हवी, तो अर्ज वेगळा, वर पाठवायचा.

दोन्ही अर्जांचे मसुदे मी केले आहेत. हिंदीत आहेत, कारण मराठीतला अर्ज घेतील की नाही याचा भरवसा नाही. ज्याला पाहिजे त्याने मेसेज करा. टपरीवाल्या मित्राला मी पाठवला आहे, त्याचे काका समितीत आहेत.