दारूबाज कोणास म्हणावे?

गावात दारूची गोष्ट निघाली की लोक साऱ्या माणसांच्या दोनच पंगती मांडतात. एका पंगतीत नालीत पडलेला दारुडा, दुसरीत बाकीचे सगळे शहाणे. नालीतल्यास पोरे खडे मारतात, बायका तोंड फिरवितात, आणि पारावर बसून त्याची टिंगल करणारे चार प्रतिष्ठित गृहस्थ दिवेलागणीला आपापली बाटली उघडतात. त्यांस हटकावे, तर उत्तर तयार: "मास्तर, आम्ही दारू पितो; दारू आम्हांस पीत नाही!"

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या वाक्याच्या आडोशाने गोंदिया जिल्ह्यात किती घरांचे धान कोठीत पडण्याआधीच विकले जाते, ते तुम्ही जाणता. म्हणून आम्ही आज उपदेश करीत नाही, हिशेब मांडतो. शाळामास्तरास दुसरे काय येते?

जगातले आरोग्यवाले दारू बाटलीने मोजत नाहीत, मापाने मोजतात. एक माप म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क. देशी दारूचा १८० मिलिलिटरचा पव्वा घ्या. त्यात शेकडा सुमारे ४३ भाग मद्यार्क असतो, म्हणजे एका पव्व्यात सहा मापे झाली. कडक बिअरची मोठी बाटली चार मापांची. मोहाच्या दारूचा हिशेब कोणासच लागत नाही. पहिल्या धारेची निराळी, शेवटच्या धारेची निराळी. (मोहाच्या झाडास शिव्या देणाऱ्यांस आम्ही बजावून ठेवतो, की दुष्काळात त्याच फुलांनी गोरगरिबांची पोटे भरली आहेत. दोष फुलाचा नव्हे.)

आता जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेले दहा प्रश्न पाहा. नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको व अमेरिका अशा सहा देशांतले रोगी तपासून ते बसविले. किती वेळा पिता? एका बैठकीस किती? सहा मापे किंवा अधिक किती वेळा? सुरू केल्यावर थांबता येत नाही असे होते काय? दारूपायी ठरलेले काम राहिले काय? सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो काय? मागून मनास खाते काय? रात्रीचे काही आठवत नाही असे होते काय? तुम्हांस वा दुसऱ्यास इजा झाली काय? आणि घरच्यांनी, मित्रांनी वा डॉक्टराने 'कमी कर' म्हटले काय? प्रत्येकास शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. या परीक्षेत जास्त गुण मिळविणारा नापास.

पारावरच्या आमच्या गृहस्थास परीक्षेस बसवू. ते फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी एक पव्वा घेतात, अधिक नाही. महिन्यास चार वेळा, गुण दोन. बैठकीस सहा मापे, आणखी दोन. सहा मापे दर आठवड्यास, म्हणून तीन. झाले सात. यंदा कारभारणीने एकदा तरी 'आता पुरे करा' म्हटले असेल, तर त्याचे चार. एकूण अकरा! आणि धोक्याची हद्द आठपासून लागते. आठ ते पंधरा असता समज देऊन भागते; सोळा ते एकोणीस असता पुन्हा पुन्हा भेटून आधार द्यावा लागतो; वीसच्या वर माणूस दारूच्या ताब्यात गेला असावा असे समजून तज्ज्ञ डॉक्टराकडे न्यावे. एवढ्या पायऱ्या असता आम्ही सर्वांत खालच्या पायरीवरच्यालाच दारुडा म्हणतो! आणि सात गुणांनी सुटलेल्यानेही मिशीवर ताव देऊ नये. बिनधोक असे प्रमाण दारूस नाहीच, असे त्याच संघटनेने २०२३ साली सांगितले आहे.

देशाचा हिशेब असा. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पिणारे १६ कोटी निघाले. त्यांपैकी ज्यांस मदत हवी असे ५.७ कोटी, आणि पुरते ताब्यात गेलेले २.९ कोटी. म्हणजे जवळजवळ पावणेतीन कोटी लोक मधल्या पायरीवर उभे आहेत. अंगणवाडीत पोर पाठवितात, रोवणीस वेळेवर येतात, मंडईस फेटा बांधून मिरवितात. यांस कोणी दारुडा म्हणत नाही, म्हणून कोणी काही विचारीतही नाही. पुरते बुडालेल्यांत तरी उपचार किती जणांस? अडतिसांत एकास!

मग बुडालेल्यांसाठी गाव काय करते? माळ घालते, शपथ घेवविते, अंगारा लावते. कोणी बायको बिचारी भोंदूने दिलेली पुडी जेवणात कालविते. त्या पुडीत काय असते हे देणाराही सांगत नाही. पिणाऱ्याच्या नकळत दिलेल्या औषधाने त्याचा जीवही जाऊ शकतो. शपथेचे तर आम्हांस विशेष भय वाटते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली, की दिवसाच्या आत हात कापतात, घाम सुटतो, कोणास फेफरे येते. दोन-चार दिवसांत काहींस भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे बोलतात. गाव म्हणते, भूत लागले! मांत्रिकास बोलावणे जाते, कोंबडे कापले जाते, आणि औषधाने वाचणारा माणूस माळेसह मरतो. अशास दारू सोडवावीच, पण डॉक्टराच्या देखरेखीखाली.

"दुकान बंद करा, सगळे आपोआप होईल," असे म्हणणारेही आहेत. दुकान हे गरिबाच्या खिशास लावलेले भोक आहे, यात शंका नाही. १८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असता त्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र दिले होते, ते उगीच नव्हे. शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून १९९३ साली बंदी आणली. पण २०१६ साली तेथे मुक्तिपथाचे काम सुरू झाले, तेव्हा बंदीच्या जोडीला रोग्यांसाठी तपासणी व उपचारही ठेवावे लागले. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. बंदी उठली तरी पिणाऱ्याचे यकृत तेच राहिले.

आमची मागणी थोडी आहे. आरोग्य उपकेंद्रात ताप-खोकल्यासाठी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसास हे दहा प्रश्न विचारावेत, पायरी वहीत लिहावी, आणि वीसच्या वरच्यास जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचविण्याची जबाबदारी कोणाची, ते ग्रामसभेने ठरवावे. ज्यास गावात तोंड उघडण्याची लाज वाटते, त्याने सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. आणि येत्या ग्रामसभेत आम्ही दहा प्रश्नांचे कागद हाताने लिहून नेणार आहोत. पहिला सरपंचांच्या हाती देऊ, दुसरा पोलीस पाटलांच्या. नालीतल्याचा नंबर सर्वांत शेवटी.