घरातली गोष्ट, संस्थेतली गोष्ट



बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण २०१८ साली उजेडात आले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने बिहार सरकारसाठी राज्यातल्या ११० निवारागृहांची पाहणी केली होती. मुजफ्फरपूरच्या मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याची नोंद त्या अहवालात होती. गृह चालवणारी संस्था स्वयंसेवी, सरकारी अनुदानावरची. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. संस्थेचा सर्वेसर्वा ब्रजेश ठाकूर याला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

शिक्षा झालेले बाकीचे कोण होते, हे पाहायला हवे. बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष आणि जिल्हा बालसंरक्षण अधिकारी, म्हणजे ज्यांनी राखण करायची तेच. आणि गृहात नोकरी करणाऱ्या बायाही. बाई नेमली की मुली सुरक्षित, असे आपणच किती बैठकांतून सांगत आलो! सरकारी माणसे गृहात आधीही येत-जात होती. ‘कोशिश’चे कार्यकर्ते मुलींशी बोलले, फरक पडला तो एवढ्यानेच.

बिहारचे म्हणून हे बाजूला सारता येणार नाही. सही करायची आठ हजारांवर, हातात घ्यायचे पाच, उरलेले ‘संस्थेला देणगी’ हा प्रकार आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? अत्याचाराच्या पंक्तीला तो बसवू नये, हे कबूल. पण दोन्हीकडे तोंड बंद ठेवायची पद्धत एकच. काम मोठे आहे, माणसे मरताहेत, आत्ता हे कशाला काढतेस? दुष्काळ, भूकंप, २०२० ची टाळेबंदी, जितके संकट मोठे तितकी हिशेब विचारणारी कार्यकर्ती कोत्या मनाची ठरते.

दुसरे कारण भीतीचे, आणि ती भीती खोटी नाही. सरकारला संस्थांना वेठीला धरायला निमित्तच हवे असते. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली बदल करून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पगार कशातून द्यायचे, हा प्रश्न कित्येक संस्थांपुढे आला. अशा वेळी आपली भानगड चव्हाट्यावर कोण आणणार? पण ‘घरातली गोष्ट घरातच ठेव’ हे वाक्य आपण मार खाणाऱ्या बाईला सांगू देत नाही. मग वरिष्ठाविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या कार्यकर्तीला ‘चळवळीची बदनामी होईल’ असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

२०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती हवी, त्यात बाहेरची एक सदस्य हवी. मानधनावरची आणि विनामोबदला काम करणारी बाईही या कायद्यात येते. बाहेरची सदस्य म्हणजे संचालिकेची जुनी मैत्रीण, ही सोय कायद्याने दिलेली नाही. ती आपण काढली.

पुढच्या अंकात याबद्दलची पत्रे छापायची आहेत. तुमच्या संस्थेत ताळेबंद कोण वाचते? फक्त विश्वस्त, की वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीही? समितीपुढे शेवटची तक्रार कधी आली, आणि तक्रार करणारी आज कुठे काम करते? नाव छापायचे नसेल तर तसे कळवा, छापणार नाही.