नवस आणि वारी

टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी सुरू झाली, की आपल्याकडील काही हजार घरांतून एक ठरलेला विधी पार पडतो. जानेवारीत मेलबर्न, मे-जूनमध्ये पॅरिस, जूनअखेरीस विम्बल्डन आणि ऑगस्ट सरता सरता न्यूयॉर्क. सोडत जाहीर होताच ही मंडळी प्रथम मानांकित खेळाडू कोणाच्या वाट्यास आले हे पाहत नाहीत. १२८ नावांच्या त्या लांबलचक यादीत एखादे भारतीय नाव आहे काय, हे पाहतात. असल्यास त्यासमोर कोण उभा ठाकला आहे हे वाचून उसासा टाकतात, आणि नसल्यास मुकाट्याने दुहेरीच्या यादीकडे वळतात. न्यूयॉर्कचा सामना असेल तर पहाटेचा गजर लावला जातो. मेलबर्नचा असेल तर कचेरीतील काम आणि गुणफलक यांत सकाळ वाटली जाते. क्रिकेटच्या अफाट लोकसमुदायापुढे ही संख्या नगण्य आहे. परंतु तिची निष्ठा खरी आहे, आणि खऱ्या निष्ठेलाच दोन शब्द स्पष्टपणे सांगता येतात. एरवी क्रीडापृष्ठावर शोभणारा हा विषय आज पहिल्या पानावर आणण्याचे कारण एवढेच.

२०२५ हे वर्ष या मंडळींस कठीण गेले. फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धांच्या एकेरीच्या मुख्य फेरीत एकही भारतीय नव्हता. अमेरिकन स्पर्धेत युकी भांबरी याने न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनसच्या साथीने पुरुष दुहेरीची उपांत्य फेरी गाठली, एवढाच काय तो दिलासा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला रोहन बोपण्णा याने निवृत्ती जाहीर केली आणि वर्षानुवर्षे दुसऱ्या आठवड्यापर्यंत हमखास टिकून राहणारे एक नाव यादीतून कायमचे गेले. अशा वेळी निराशेचे सूर उमटणे स्वाभाविक आहे. परंतु निराशेच्या आधी आपल्या प्रेमाची रीत कशी होती, हे तपासून पाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

त्यासाठी जानेवारी २०२४ मधील मेलबर्नची आठवण पुरेशी आहे. पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य फेरीत आलेल्या सुमित नागल याने एकतिसावे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकचा सरळ तीन सेटमध्ये पराभव केला. १९८९ साली याच स्पर्धेत रमेश कृष्णन याने त्या वेळचा अव्वल खेळाडू मॅट्स विलँडर याला हरविले होते; त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित प्रतिस्पर्ध्यास नमविणारा नागल हा पहिला भारतीय पुरुष. पस्तीस वर्षे लोटली होती! पुढे याच स्पर्धेच्या अखेरीस, २७ जानेवारीस, बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन यांनी पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. बोपण्णाचे वय तेव्हा ४३ होते. एब्डन हा ऑस्ट्रेलियाचा; त्यामुळे एकाच जोडीच्या मागे दोन देशांचे प्रेक्षक आपापल्या घरच्या खेळाडूसाठी उभे राहिल्याचे दृश्य त्या रात्री दिसले. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या भारतीयांच्या टाळ्या तिकडे आणि आपल्या टाळ्या इकडे, अशी ती रात्र गेली. त्या आनंदात खोटे असे काहीच नव्हते.

मात्र या विजयाच्या चारच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच नागलने वृत्तसंस्थेशी बोलताना आपल्या बँकेच्या खात्यात नऊशे युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये, उरले असल्याचे सांगितले होते. हरियाणातील एका शाळामास्तरांचा हा मुलगा. प्रशिक्षक आणि व्यायामतज्ज्ञ यांचे वेतन, देशोदेशीचा प्रवास आणि मुक्काम यांवर वर्षाकाठी कोटीच्या घरात खर्च होतो. मिळालेले बक्षीस त्यातच विरून जाते. ज्या काळी तो हे सांगत होता त्या काळी तो भारताचा एकेरीतील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. मेलबर्नला दुसऱ्या फेरीत पोचल्याबद्दल त्यास १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले आणि वर्षाची विवंचना मिटली. म्हणजे एका खेळाडूचे संपूर्ण वर्ष एका दुपारच्या तीन सेटवर टांगलेले होते. ते सेट हरला असता तर? तर आपण हळहळलो असतो, दुहेरीच्या यादीकडे वळलो असतो, आणि त्याच्या खात्यात काय उरले आहे हे पुन्हा विचारलेही नसते.

भक्तीचे दोन प्रकार आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहेत. एक नवसाची आणि दुसरी वारीची. नवस बोलणारा देवाशी करार करतो. काम झाले तर नारळ, न झाले तर देव बदलला. वारकरी कसलाच करार करीत नाही. गेल्या वर्षी पांडुरंगाने काय दिले याचा हिशेब न मांडता तो आषाढात वाटेला लागतो. पाऊस आला तरी जातो, न आला तरी जातो. आपले टेनिसप्रेम, स्पष्ट बोलावयाचे तर, नवसाचे आहे.

वारीचे प्रेम पाहावयाचे असेल तर योगायोगाने आषाढाच्याच सुमारास भरणाऱ्या विम्बल्डनकडे पाहावे. फ्रेड पेरी याने १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे तेथील पुरुष एकेरी जिंकली. त्यानंतर ब्रिटिश पुरुषास ती पुन्हा जिंकावयास २०१३ साल उजाडावे लागले. ७७ वर्षे! महिलांत १९७७ साली व्हर्जिनिया वेड हिने इंग्लिश मनास एकदा सुखविले. परंतु पुरुषांची प्रतीक्षा संपली नाही. टिम हेन्मन १९९८, १९९९, २००१ आणि २००२ अशा चार वर्षी उपांत्य फेरीत पोचला आणि चारही वेळा तेथूनच परतला. २००१ साली गोरान इव्हानिसेविचविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. पावसाने सामना तीन दिवस रेंगाळला आणि अखेर हातचा गेला. तरीही आवारातील गवताळ टेकाडावर, मोठ्या पडद्यापुढे, छत्र्या आणि शिदोऱ्या घेऊन लोक दरवर्षी बसत राहिले. त्या टेकाडाला लोकांनी नाव दिले ते हेन्मनचे. जो कधी जिंकला नाही त्याचे नाव भूमीला द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे अँडी मरे आला. २०१२ साली अंतिम सामन्यात रॉजर फेडररकडून हरल्यावर त्यास भर मैदानात रडू कोसळले, आणि तोवर त्यास रुक्ष म्हणून थोडे दूरच ठेवणारे प्रेक्षक त्या अश्रूंनी त्याचे झाले. चारच आठवड्यांनी त्याच हिरवळीवर, त्याच फेडररला हरवून, त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले. आणि ७ जुलै २०१३ रोजी जोकोविचवर ६-४, ७-५, ६-४ अशी मात करून ७७ वर्षांचे ओझे उतरविले.

तथापि इंग्लिश प्रेक्षक हा संत आहे असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. त्यांची वृत्तपत्रे पराभूतांशी किती निष्ठुर वागली आहेत हे सर्वज्ञात आहे. शिवाय केवळ टेकाडावर बसण्याने मरे घडला नाही. पंधराव्या वर्षी तो बार्सिलोनास जाऊन शिकला. विम्बल्डनच्या शिलकीचा सुमारे नव्वद टक्के भाग ब्रिटिश टेनिस संघटनेकडे जातो, आणि तरीही इतकी वर्षे विजेता लाभला नाही. तात्पर्य, पैशाने विजेते विकत मिळत नाहीत. मग प्रेक्षकांच्या वारीने काय साधते? स्पर्धा जिवंत राहते. आणि स्पर्धा जिवंत असली की घरच्या खेळाडूस एक दार सदैव उघडे राहते.

हे दार कसे असते ते नीट समजून घेतले पाहिजे. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत १२८ जागा असतात. त्यांतील १०४ क्रमवारीनुसार, १६ पात्रता फेरीतून आणि ८ आयोजकांच्या मर्जीने भरल्या जातात. या आठ जागा बहुतांशी यजमान देशाच्या खेळाडूंस मिळतात. महिलांतही आयोजकांच्या हाती अशाच जागा असतात. २०२५ साली पॅरिसला लॉइस ब्वासों ही जागतिक क्रमवारीत ३६१ वी असलेली फ्रेंच मुलगी अशाच जागेवरून खेळली आणि तिसरे मानांकन असलेल्या पेगुलास व सहावे मानांकन असलेल्या आंद्रेयेवास हरवून थेट उपांत्य फेरीत पोचली. तिच्या पाठीशी प्रेक्षागार गर्जत होते हे खरे. परंतु त्या गर्जनेपूर्वी तिला आत येऊ देणारी व्यवस्था होती, हे अधिक खरे.

आपल्याकडे ग्रँड स्लॅम नाही आणि नजीकच्या काळात होण्याचा संभव नाही. परंतु त्याखालच्या पायऱ्या आपल्या हाती होत्या. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात २०१८ पासून जागतिक दौऱ्यातील स्पर्धा भरू लागली. जानेवारी २०२३ मध्ये तीत साताऱ्याच्या पंधरा वर्षांच्या मानस धामणे याला मुख्य फेरीत स्थान मिळाले. तो पहिल्याच सामन्यात हरला; पण त्या वयाच्या मुलास दौऱ्यावरील प्रौढ खेळाडूचा चेंडू कसा येतो हे आपल्याच मातीत कळले. त्यानंतर ती स्पर्धा पुण्यात झाली नाही. तिची जागा हाँगकाँगने घेतली. एखादा पूल पडला असता तर शहरात सभा झाल्या असत्या. ही स्पर्धा गेली तेव्हा चार ओळींची बातमी आली आणि विषय मिटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लबच्या मैदानावर भरलेल्या महिलांच्या स्पर्धेत कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीपर्यंत गेली. घरच्या स्पर्धेचा उपयोग काय, या प्रश्नास याहून निराळे उत्तर नको.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हा श्रीमंतांचा खेळ. ज्या राज्यात कित्येक शाळांस मैदान नाही तेथे त्याचे कौतुक कशास? शाळांच्या मैदानांविषयीची ही तळमळ आम्हांसही आहे. परंतु मास्तरांचा मुलगा नऊशे युरो खिशात घेऊन मेलबर्नला जातो तेव्हा हा खेळ केवळ श्रीमंतांचा राहत नाही. आपण दुर्लक्ष केले तर मात्र तो तसाच राहील, कारण मग ज्याच्या बापाला परवडते तोच खेळेल. दुसरा आक्षेप असा, की पैसा उभारणे हे सरकारचे आणि संघटनेचे काम. प्रेक्षकाने काय करावे? प्रेक्षकाने यावे. पुरस्कर्ता रिकाम्या बाकांसाठी पैसे देत नाही. मुंबईचे क्रिकेट वानखेडेवर वाढलेले नाही. १९४८ पासून भर पावसाळ्यात चिखलातून खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या सामन्यांना छत्री धरून उभ्या राहणाऱ्या माणसांनी ते वाढविले.

या दोषातून आम्ही आम्हांसही वगळीत नाही. १९६० आणि १९६१ साली रामनाथन कृष्णन विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, १९७३ आणि १९८१ साली विजय अमृतराज उपांत्यपूर्व फेरीत लढले, १९९९ साली पेस व भूपती चारही स्पर्धांच्या अंतिम फेरीत उतरले. त्या त्या वेळी वृत्तपत्रांनी स्तंभच्या स्तंभ भरले. मधल्या वर्षांत चॅलेंजर स्पर्धांचे निकाल मात्र बारीक टाइपात कोपऱ्यात गेले, किंवा गेलेच नाहीत. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची सवय वाचकांस लागली असेल तर ती लावण्यात आमचाही हातभार आहे.

म्हणून आमचे मागणे माफक आहे. राज्य सरकार आणि टेनिस संघटना यांनी पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतून चॅलेंजर स्पर्धांची साखळी दरवर्षी, ठरल्या तारखांस, न चुकता भरवावी. एका वर्षीचा झगमगाट आणि पुढील तीन वर्षांचा शुकशुकाट नको. वृत्तपत्रांनी त्या स्पर्धांची आगाऊ वर्दी द्यावी आणि पराभवाचीही बातमी करावी. आणि वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांनी, एखाद्या मंगळवारी दुपारी, मैदानावर फारसे कोणी नसताना, क्रमवारीत तीनशेवा असलेला एखादा भारतीय खेळाडू पाहावयास जावे. बहुधा तिकीटही पडत नाही. तो हरला तर हरू द्यावा. पुढच्या वर्षी पुन्हा जावे.

मेलबर्नच्या पुढील सोडतीत भारतीय नाव असेल किंवा नसेल. ते शोधण्याआधी बालेवाडीची वाट धरावी, इतकेच आमचे वाचकांस सांगणे आहे.