एका रात्रीची मुदत

पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तहसिली 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखापासून विभक्त होऊन मध्य प्रदेशात राहिल्या, आणि 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून त्यांचाच एक स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु हद्दी कितीही बदलल्या तरी येथील संत्र्याच्या बगीच्यांचा आणि कापसाच्या शेतांचा व्यवहार ज्या यंत्रांवर चालतो, त्या यंत्रांची निगा राखणारे मिस्त्री मात्र पूर्वीइतकेच दुर्लक्षित राहिले आहेत. त्यांच्या हुन्नरातील एका कामाची, म्हणजे गंजून जाम झालेला नट न मोडता मोकळा करण्याच्या कामाची, आपण योग्य किंमत करीत नाही, आणि ती न केल्यामुळे नुकसान मिस्त्रीपेक्षा आपलेच अधिक होते, असे माझे निश्चित मत आहे.

संत्र्याच्या बगीच्याचेच पाहावे. डिंक्या रोगापासून झाड राखण्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी ह्या प्रमाणात केलेले बोर्डो मलम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला लावतात, आणि फवारणीसाठी तेच दोन पदार्थ 100 लिटर पाण्यात कालवतात. चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी जाणता बागाईतदार त्या मिश्रणात स्वच्छ विळा थोडा वेळ बुडवतो, आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो. तो थर म्हणजे प्रत्यक्ष तांबे असते, आणि त्याच्या मोबदल्यात विळ्याचे लोखंड द्रवात उतरलेले असते. जी क्रिया विळ्यावर क्षणभर चालते, तीच चुना कमी पडलेल्या मिश्रणाचा अंश पोटात ठेवून न धुता कोपऱ्यात उभ्या केलेल्या पंपाच्या लोखंडी नटांवर ओलावा असेपर्यंत चालू राहते. आणि पितळेच्या भागाला लोखंड भिडलेले असले तर त्या दोहोंत लोखंडच आधी झिजते. पुढच्या बहाराला पंप बाहेर काढावा, तर नट जागचा हलत नाही.

तो का हलत नाही, हे ज्याला समजले त्याला घाई का करू नये हेही समजते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि आट्यांच्या अरुंद फटीत त्याला पसरण्यास वाव नसल्यामुळे तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंना आवळून बसतो. अशा नटाला लांब पाना लावून सारे अंग टाकले, तर गंज सुटण्याच्या आधी बोल्ट तुटतो. म्हणून शहाणा मिस्त्री प्रथम बाहेर दिसणाऱ्या चुड्या तारेच्या ब्रशाने साफ करतो, त्यांवर डिझेल किंवा मातीचे तेल सोडतो, नटाच्या कडांवर हातोडीचे हलके ठोके देतो, आणि यंत्र बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागतो. तेल गंजाच्या सूक्ष्म फटींतून स्वतःच्या गतीनेच आत उतरते. ते रात्रभर, प्रसंगी दोन रात्री, पुनःपुन्हा सोडावे लागते. नंतरही तो नट एकदम सोडवीत नाही, तर आधी किंचित आवळून गंजाची पकड मोडतो आणि मग थोडा मागे, थोडा पुढे असा फिरवीत बाहेर आणतो. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे 1953 साली अग्निबाणाच्या पत्र्यावरील ओलावा हटवण्यासाठी तयार झालेले, आणि चाळिसाव्या प्रयत्नात साधले म्हणून तो आकडा नावात मिरवणारे डब्ल्यूडी-40 आज हार्डवेअरच्या दुकानांतही मिळते. परंतु ह्या डब्यातील तेलालाही जुना गंज भेदण्यास अवधी द्यावाच लागतो.

तेलाने भागले नाही तर उष्णतेचा इलाज आहे, आणि तोही विचाराने करावयाचा. तापमान 100 अंशांनी वाढले असता एक मीटर लोखंड सुमारे 1.2 मिलिमीटर लांबते आणि ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. म्हणून स्कूटरच्या ॲल्युमिनियमच्या आवरणात अडकलेला लोखंडी स्क्रू ते आवरण तापवल्याने सैल होतो. मात्र पेट्रोलच्या टाकीजवळ, तेल सोडलेल्या जागी किंवा हवा भरलेल्या टायरच्या चकतीवर ज्योत नेणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे. शिवाय बळ लावण्याआधी फिरवण्याची दिशाही पाहावी लागते: टेबल फॅनच्या पात्यावरची टोपी आणि सायकलचे डावे पायडल ह्यांचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला मनुष्य ती सोडवतो आहोत अशा समजुतीने आवळीतच जातो.

ह्या साऱ्या क्रियेत बळ थोडे आणि अवधी पुष्कळ लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट गिऱ्हाइकाला मान्य नसते. मार्च उजाडला की वर्षभर माळ्यावर पडलेले कूलर दुकानांपुढे येतात. त्यांच्या पत्र्याला गंज आणि पंख्याच्या दांड्याला क्षारांचा थर चढलेला असतो, आणि प्रत्येकाला आपला कूलर त्याच दुपारी हवा असतो. तेल सोडून ठेवलेले यंत्र पाहून मिस्त्री रिकामा बसला आहे असे त्याला वाटते, आणि घण पडू लागले की पैसे वसूल होत असल्याचे समाधान होते. ह्या दडपणाखाली मिस्त्री नाइलाजाने छन्नी उचलतो. मग बोल्ट आतल्या आत तुटतो, त्याला भोक पाडून तो काढावा लागतो, प्रसंगी आटे नव्याने पाडावे लागतात, आणि ते शक्य नसल्यास सबंध मोटर बदलावी लागते. एका रात्रीच्या मजुरीवर भागले असते तेथे नव्या मोटरची किंमत पडते, आणि दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ह्या चार वर्गांचा समावेश केला, ही समाधानाची बाब आहे. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका देण्यास कारखानदाराला भाग पाडणे हे सरकारचे कामच आहे. परंतु ह्या हक्काची दुसरी बाजू कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण ती कारखानदाराच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या हाती आहे. ज्या कामात हात हलताना दिसत नाहीत त्याला काम मानण्याची आपल्याला सवय नाही. वैद्याने औषधाचा गुण येण्यासाठी आठ दिवस थांबावयास सांगितले तर आपण तक्रार करीत नाही, मग मिस्त्रीनेच तेल मुरण्यासाठी एक रात्र मागितली तर का करावी?

पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या बागाईतदारांना आणि गृहस्थांना माझी विनंती आहे की, फवारणी संपताच पंप दोनतीन पाण्यांनी धुऊन वाळवावा आणि नटांना ग्रीस लावावे, कूलर माळ्यावर चढवण्याआधी कोरडा करून दांड्याला तेल द्यावे, आणि हंगाम डोक्यावर येण्याच्या महिनाभर आधीच दोन्ही मिस्त्रीकडे न्यावेत. तो "उद्या या" म्हणाला, तर यंत्र त्याच्याकडे ठेवून निमूटपणे घरी परतावे, आणि त्या एका रात्रीची मजुरी त्याने मागितली, तर घासाघीस न करता ती पुरी द्यावी.