दुखत नाही, म्हणून...

आमच्या म्हसवडला पाण्याचे मोल कोणी सांगावे लागत नाही. माणगंगा वर्षातले कित्येक महिने कोरडी. विहिरीला पाणी असले, की रात्री-अपरात्री दारे धरायला जावे लागते. एक वाफा भिजला, की फावड्याने मातीचे दारे बंद करायचे आणि पुढचे फोडायचे. नको तिथले दारे फुटले, तर पाणी जाते आणि पीकही कुजते. शरीरातल्या पेशींचा कारभारही असाच चालतो, हे मला घरातल्या एका दुखण्यामुळे कळले.

माझ्या भाच्याच्या गुडघ्यामागे सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून दोन वर्षे कोणी लक्ष दिले नाही. वाढली तेव्हा एका दवाखान्यात काढली. काढलेला तुकडा मात्र तपासायला पाठवला नाही. आठ महिन्यांनी गाठ त्याच जागी पुन्हा आली. मुंबईला नेल्यावर नाव कळले : सायनोव्हियल सार्कोमा. मऊ ऊतींचा हा कर्करोग बहुधा तरुणांना गाठतो, आणि पुष्कळदा गुडघ्याच्या आसपास.

पुढचे मी वाचून समजून घेतले. प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी बोलत नाहीत. नको असलेल्यांना पॉलीकोम्ब नावाची प्रथिने मोहोर लावून गप्प बसवतात. जनुके उघडणाऱ्या प्रथिनांचा गट निराळा. त्याचे नाव बीएएफ. या आजारात एक्स आणि १८ क्रमांकाची गुणसूत्रे तुटून त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि एसएस१८-एसएसएक्स हे जोडप्रथिन तयार होते. २०१३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सिगल कडॉक आणि जेराल्ड क्रॅबट्री यांनी दाखवले, की हे जोडप्रथिन उघडणाऱ्या गटात शिरते, तिथल्या एका जुन्या सदस्याला हुसकावते आणि गप्प बसवलेली जनुके जागी करते. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट उमगली. त्याचे एसएसएक्सकडचे टोक नेमके पॉलीकोम्बच्या मोहोरेपाशीच जाऊन चिकटते. म्हणजे कुलूप पाहूनच चोराने घर ओळखावे, तशातला प्रकार!

पण हेच जोडप्रथिन आपला साक्षीदारही आहे. या रोगाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत ते जोडलेले जनुक सापडते. मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या लहानशा तुकड्यावरूनही निदान पक्के करता येते. कचऱ्यात गेलेल्या तुकड्याची साक्ष कोण काढणार?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गाठ कितीही लहान असो, काढली की तिची तपासणी झालीच पाहिजे. डॉक्टरांनी तुकडा पाठवावा आणि नातेवाइकांनी अहवाल मागून घ्यावा. त्यात संकोच कसला? गाठ वाढत असेल, खोल असेल किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, तर चाकू लावण्याआधीच स्कॅन आणि सुईने तुकडा घेऊन तपासणी व्हावी. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. तिथवर जाणे आमच्या लोकांना सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्यांदा जाण्यापेक्षा पहिल्यांदाच जाणे स्वस्त पडते.

भाच्याचा पाय वाचला. उपचार लांबले, कर्ज झाले, शिक्षणाचे वर्ष गेले. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, हा समज आता तरी आपण सोडला पाहिजे.