विश्लेषण : जुने मोबाईल, टीव्ही घराबाहेर का पडत नाहीत? देशाला हवी असलेली खनिजं माळ्यावर कशी अडकली?

केंद्रीय मंत्रिमंडळानं ३ सप्टेंबर २०२५ रोजी १,५०० कोटी रुपयांच्या एका योजनेला मंजुरी दिली. ई-कचरा आणि वापरलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांमधून महत्त्वाची खनिजं वेगळी काढणाऱ्या उद्योगांना या योजनेतून प्रोत्साहन मिळणार आहे. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २२ सप्टेंबरपासून, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आणि दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० या प्रणालीचा नियमित सपोर्ट थांबवला.

वरवर पाहता या तिन्ही बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तिन्हींचा धागा घरातल्या माळ्यापर्यंत जातो. नवा टीव्ही आला की जुना माळ्यावर जातो. कॉम्प्युटर कालबाह्य झाला की त्यावर चादर टाकली जाते. आणि सरकारला ज्या धातूंची गरज आहे, ते याच वस्तूंमध्ये आहेत. अडचण अशी की, या वस्तू घरातून बाहेर पडत नाहीत.

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं धनज घ्या किंवा विदर्भातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. नवा मोबाईल गावापर्यंत सहज पोहोचतो, पण जुन्या मोबाईलला परत जायला ठरलेली वाट नाही. असं का होतं?

किती वस्तू पडून आहेत?

मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांची संघटना 'आयसीईए' आणि 'ॲक्सेंचर' यांनी २०२३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतीय घरांमध्ये सुमारे २० कोटी उपकरणं न वापरता पडून होती. त्यात प्रामुख्यानं मोबाईल आणि लॅपटॉप होते.

हे फक्त भारतात घडतं असं नाही. 'डब्ल्यूईईई फोरम' या संस्थेनं २०२२ मध्ये युरोपातल्या सहा देशांतल्या ८,७७५ घरांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी एका घरात ७४ इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू होत्या. त्यातल्या १३ नुसत्या पडून होत्या. त्यापैकी ९ चालू स्थितीत होत्या, ४ बिघडलेल्या होत्या. "पुढे कधीतरी लागेल" हे ठेवण्यामागचं सर्वांत मोठं कारण होतं. ४६ टक्के लोकांनी तेच सांगितलं. विल्हेवाट कशी लावायची हे माहीत नाही, असं फक्त ७ टक्के लोक म्हणाले. म्हणजे केवळ जनजागृतीनं हा प्रश्न सुटेल, असं समजण्यात अर्थ नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागानं निघालेल्या 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'नुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातल्या जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचं रीतसर संकलन आणि रिसायकलिंग झालं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अंदाजानुसार भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे १७.५ लाख टन ई-कचरा निर्माण झाला.

या सरकारी आकड्यामागे एक गंमत आहे. तो प्रत्यक्ष वजन करून काढलेला नाही. किती वस्तू विकल्या गेल्या आणि त्यांचं सरासरी आयुष्य किती, यावरून तो अंदाज बांधला जातो. त्यामुळे एखादा फोन सरकारी हिशेबात कचरा ठरलेला असतो आणि त्याच वेळी घरात कपाटाच्या खणात पडलेला असतो.

वस्तू जुनी झाली, हे ठरवतं कोण?

अनेकदा वस्तू बिघडलेली नसतेच. तिच्याभोवतीची व्यवस्था बदललेली असते.

२००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमनं ५०१ रुपयांत मोबाईल देण्याची योजना आणली आणि असंख्य घरांत पहिला मोबाईल आला. तो सीडीएमए तंत्रज्ञानावर चालायचा. कंपनीनं पुढे ती सेवा बंद केली आणि चांगले चालणारे हँडसेट निकामी झाले. टीव्हीचंही तेच. ग्रामीण भागातलं केबल प्रसारण मार्च २०१७ च्या मुदतीपर्यंत डिजिटल करायचं ठरलं आणि सेट-टॉप बॉक्स आवश्यक झाला. दूरदर्शननं आपले ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद करत आणले आणि २०२२ पर्यंत मोजके सोडून बाकीचे बंद झाले. घरावरच्या अँटेनाचं काम संपलं.

आता हेच काम सॉफ्टवेअर करतं. जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या खूप जुन्या आवृत्त्यांवर व्हॉट्सॲप चालेनासं झालं. विंडोज १० वरचे कॉम्प्युटर अजूनही सुरू होतात, पण सुरक्षेचे नियमित अपडेट थांबल्यामुळे बँकेच्या किंवा ऑनलाइन अर्जांच्या कामासाठी त्यांचा धोका वाढत जातो. त्यातल्या बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही.

अशा वेळी "चालू आहे की!" म्हणत वस्तू ठेवून देणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याचं म्हणणं खरं असतं. वस्तू चालूच असते.

लोक ठेवून का देतात?

पहिलं कारण पैशांचं. दहा-बारा हजारांना घेतलेल्या फोनला चार-पाच वर्षांनी भंगारात मिळणारी रक्कम इतकी किरकोळ असते की, विकण्यापेक्षा ठेवलेला बरा वाटतो. एका फोनमधलं सोनं-चांदी नगण्य असतं, लाखो फोन एकत्र आले तरच त्याला किंमत येते. टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या उपकरणांपासून बनवली गेली. त्यासाठी जपाननं सुमारे ७९ हजार टन उपकरणं आणि ६२ लाख मोबाईल गोळा केले, तेव्हा ३२ किलो सोनं निघालं.

दुसरं कारण उपयोगाचं. साधा की-पॅड फोन शेतात न्यायला बरा पडतो, चार्जिंग दिवसेंदिवस टिकतं. जुन्या फोनचा डिस्प्ले किंवा चार्जर दुसऱ्या फोनला कामी येतो. गावातला दुरुस्तीवाला अशाच सुट्या भागांवर दुकान चालवतो. हा साठा म्हणजे कचरा नव्हे. वस्तूचं आयुष्य वाढवणारी ती व्यवस्था आहे आणि पर्यावरणाच्या दृष्टीनं ती रिसायकलिंगपेक्षाही सरस आहे.

तिसरं कारण भीतीचं आहे आणि ती निराधार नाही. मोबाईलमध्ये घरातले फोटो असतात, बँकेचे मेसेज असतात, आधारकार्डाचे फोटो असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातल्या रामगुंडममध्ये पोलिसांनी बिहारमधल्या एका टोळीला पकडलं. तिच्याकडे सुमारे ४ हजार जुने मोबाईल सापडले. गावोगावी फिरून किरकोळ दरात फोन विकत घ्यायचे आणि सायबर गुन्हेगारांना पुरवायचे, असा हा धंदा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. दारावर येणाऱ्या अनोळखी माणसाला फोन द्यायला कुणी कचरत असेल, तर तो शहाणपणाच म्हणायला हवा.

थोडक्यात, माळ्यावरचा साठा हा आळसाचा पुरावा नाही. फायदा कमी, धोका जास्त आणि ठेवायला खर्च शून्य, असा तो साधा हिशेब आहे.

मग इन्व्हर्टरची बॅटरी का पडून राहत नाही?

याच घरातली आणखी एक वस्तू पाहा. इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची शिसं-आम्लाची बॅटरी संपली की ती सहसा माळ्यावर जात नाही. नवी घेताना जुनी दुकानात जमा होते आणि बिलातून पैसे कमी होतात.

यामागे दोन गोष्टी आहेत. बॅटरीतल्या शिशाला चांगला भाव आहे. आणि २००१ च्या बॅटरीविषयक नियमांनीच विक्रेत्यांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची आणि त्याबदल्यात ग्राहकाला योग्य सूट देण्याची जबाबदारी टाकली होती. २०२२ मध्ये बॅटऱ्यांसाठी नवे नियम आले, पण जुनी देऊन नवी घेण्याची सवय तोवर बाजारात रुजली होती. या व्यवस्थेतही त्रुटी आहेत, शिसं वितळवणाऱ्या बेकायदा भट्ट्या हा गंभीर प्रश्न आहे. पण घरातून वस्तू बाहेर पडण्याचा टप्पा मात्र सुटलेला आहे.

म्हणजे गावातला माणूस वस्तू परत देत नाही, असं नाही. ओळखीचं दुकान, ठरलेली किंमत आणि त्याच फेरीत होणारं काम, या तीन गोष्टी असल्या की तो लगेच देतो. मोबाईल, राउटर, सेट-टॉप बॉक्स, डबा टीव्ही यांच्याबाबतीत या तिन्ही गोष्टी क्वचितच एकत्र येतात.

कायदा काय सांगतो?

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले आणि मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले. सध्याचे नियम २०२२ चे असून १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं येतात.

उत्पादकानं काही वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात रिसायकलिंग झालं पाहिजे, असं हे नियम सांगतात. हे प्रमाण सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी ६० टक्के होतं. २०२५-२६ साठी ते ७० टक्के आहे आणि २०२७-२८ पासून ८० टक्के होईल. मात्र कंपनीनं स्वतः वस्तू गोळा केल्याच पाहिजेत, असं नाही. नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेतली तरी उद्दिष्ट पूर्ण होतं. ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या हिशेबावर तयार होतात.

इथेच गावं मागे पडतात. हिशेब किलोचा आहे, माल कुठून आला याचा नाही. राज्यातले नोंदणीकृत रिसायकलर प्रामुख्यानं मुंबई-ठाणे, पुणे, नागपूर अशा औद्योगिक पट्ट्यांत आहेत. धनजपासून नागपूर दीडशे किलोमीटरहून लांब आहे. शहरातल्या एका ऑफिसमधून एका दिवसात टनभर माल मिळत असेल, तर दहा खेड्यांतून पाच-पाच किलो गोळा करायला कोण जाईल?

ज्यांनी ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा, असे 'मोठे ग्राहक' म्हणजे वर्षात किमान १,००० उपकरणं वापरणाऱ्या संस्था. गावातली शाळा किंवा ग्रामपंचायत त्या व्याख्येत सहसा बसत नाही.

प्रमाणपत्रांच्या किमान दरावरूनही वाद झाला. केंद्रानं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला २२ रुपये दर ठरवल्यावर काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर परवडत नाही, असं कंपन्यांचं म्हणणं आहे. दर चांगला नसेल तर रीतसर रिसायकलिंग टिकणार नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. पण हा पैसा कंपनीकडून रिसायकलरकडे जातो. त्यातला किती वाटा वस्तू देणाऱ्या घरापर्यंत पोहोचेल, हा प्रश्न या वादात जवळपास नाहीच.

पडून राहिलं तर बिघडतं काय?

सगळ्यात जवळचा धोका बॅटरीचा आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फोनमधली लिथियम बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी टोचली, दाबली किंवा तापली तर पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे.

डबा टीव्हीचा धोका वेगळा आहे. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. टीव्ही घरात उभा आहे तोवर त्रास नाही. पण तांब्याच्या कॉइलसाठी तो फोडला आणि काच उकिरड्यावर गेली, की ते शिसं माती-पाण्यात जायची वाट मोकळी होते. तांबं काढायला वायर जाळली की पीव्हीसीच्या आवरणातून डायऑक्सिनसारखे अतिविषारी घटक धुरात येतात. भंगार गोळा करणारा माणूस हे हौसेनं करत नाही. त्याला भाव मिळतो तो फक्त तांब्याचा, उरलेल्याला कुणी विचारत नाही.

तिसरं नुकसान देशाचं आहे. चीननं एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि भारतीय वाहन उद्योगालाही त्याची झळ बसली. सप्टेंबरमधली योजना याच पार्श्वभूमीवर आली. २०३०-३१ पर्यंत चालणाऱ्या या योजनेतून वर्षाला २ लाख ७० हजार टन रिसायकलिंगची क्षमता उभी करण्याचं उद्दिष्ट आहे. पण कारखाना उभा राहिला म्हणून कच्चा माल आपोआप येत नाही.

पुढे काय व्हायला हवं?

बॅटरीच्या उदाहरणात उत्तराचा मोठा भाग आहे. तालुक्याचं मोबाईल दुकान आणि गावातला दुरुस्तीवाला यांनाच संकलन केंद्र करता येईल. लोकांची त्यांच्यावर ओळख आणि विश्वास दोन्ही आहे. फोनमधला डेटा ग्राहकासमोर पुसून देणं आणि पावती देणं सक्तीचं केलं, तर भीती कमी होईल. किलोमागे ठरलेला दर दुकानाबाहेर लावला, तर हिशेब बदलेल. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊन जुन्या वस्तू आणि ई-कचरा नेते. भंगार व्यवसायातल्या माणसांना बाजूला न सारता काम होऊ शकतं, हे त्यावरून दिसतं.

तोपर्यंत घरात एवढं नक्की करता येईल :

• फुगलेली बॅटरी असलेला फोन चार्जिंगला लावू नका, इतर वस्तूंपासून वेगळा ठेवा आणि आधी त्याचीच सोय करा.
• फोन देण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढा, यूपीआय आणि ईमेल खात्यांतून बाहेर पडा आणि फॅक्टरी रीसेट करा.
• सुरूच न होणारा फोन दारावरच्या अनोळखी खरेदीदाराला देऊ नका. त्यातला डेटा पुसलेला नसतो.
• नवी वस्तू घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानदाराला विचारा आणि व्यवहाराची पावती मागा.
• दुरुस्त होणारी वस्तू आधी दुरुस्त करा किंवा गरज असलेल्याला द्या.

सरकारनं खनिजं काढण्यासाठी १,५०० कोटी बाजूला ठेवले आहेत. धनजसारख्या गावातून एक जुना फोन त्या कारखान्यापर्यंत न्यायचा खर्च कुणी करायचा, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरत नाही तोवर लोक वस्तू ठेवूनच देतील आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात त्यांचं काही चुकत नाही.